सड्यावर कोणी नाही

वेळकुंड्याच्या सड्यावर त्या सकाळी माणसं किती होती, तर शून्य. हे मी म्हणत नाही. झेपवाट कंपनीचं यंत्र म्हणतं, कंपनीचे वकील म्हणतात आणि चौकशीच्या कागदांत तसंच छापलेलं आहे. त्या शून्यात माझी आई चुलीवर पेज ढवळत होती, माझे वडील राहुटीबाहेर पान चघळत बसले होते आणि बाकीचा गाव दात घासत, गुरं बांधत, पोरांवर खेकसत होता.

मी समिधा घाडी, लांब पल्ल्याच्या ड्रोनची वैमानिक. होते म्हणायला हवं, कारण परवाना सध्या अडकून पडलाय. मला राग लवकर येतो असं घरचे म्हणतात. येतो. हे सगळं ऐकून तुम्हाला आला नाही, तर मला तुमची काळजी वाटेल.

आधी काम काय ते सांगते. पूर्वी ड्रोन उडवायचा तो डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात, असा नियम होता. मान वर करून त्याच्याकडे बघत राहायचं. मग यंत्रांना स्वतःचे कान-डोळे आले. समोर विमान, घार, विजेची तार आली की बाजूला होण्याइतकी अक्कल आली, आणि नजरेपलीकडच्या उड्डाणांना परवानगी मिळाली. उद्योगवाल्यांना रान मोकळं झालं. विजेच्या मनोऱ्यांची तपासणी, तेलाच्या नळांची राखण, खाणींची मोजणी, सगळं कुठल्यातरी खोलीत बसून होऊ लागलं. आमची कंपनी कोळंबी वाहायची. मालवणच्या बाजूच्या एका जेटीवरून बर्फातल्या पेट्या पोटाशी बांधून ड्रोन निघायचा आणि घाट ओलांडून कोल्हापूरजवळच्या कारखान्यात उतरायचा. मी कोल्हापुरातल्या एका थंडगार खोलीत बसून एका वेळी असे आठ ड्रोन सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे त्यांच्याकडे बघत बसायचे. ते आपापले उडतच असत.

आता मुद्द्याचं. जड ड्रोन उडत असताना त्याचं डोकं सतत एक गोष्ट ठरवत असतं: आत्ता बिघाड झाला तर पडायचं कुठे? जिथे माणसं सगळ्यात कमी, तिथे. कंपनीने त्या जागेला मोठं भारदस्त नाव दिलंय, आम्ही वैमानिक पडजागा म्हणतो. माणसं मोजायची कशी? तर फोनवरून. खिशातला फोन दर थोड्या वेळाने टॉवरला आपली हजेरी कळवत असतो. ती हजेरी नावं गाळून कंपनीकडे येते आणि नकाशावर ठिपके उमटतात. एक फोन म्हणजे एक माणूस. सुरुवातीला ड्रोनच्या पोटाला खाली बघणारा कॅमेराही होता. तो काढून टाकला, कारण त्या वजनात थोडी जास्त कोळंबी बसते. फोन मोजतोय ना, मग डोळे कशाला!

आमच्या गावावरून जाणाऱ्या वाटेची पडजागा म्हणजे शिवेबाहेरचा सडा, जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. मधे डोंगर येतो म्हणून तिथे रेंज नाही. वर्षभर तिथे खरोखरच कोणी नसतं, त्यामुळे मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. वाटेसाठी ग्रामपंचायतीची संमती हवी होती, तेव्हा तर माझे वडील भर सभेत उभे राहिले होते. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. लोक घाबरत होते, डोक्यावरून एवढी जड वस्तू जाणार म्हणून. अप्पा म्हणाले, “आमचा चेडू उडवतला, मगे भियाचा कित्याक?” आमची पोरगी उडवणार आहे, मग भ्यायचं कशाला. लोक हसले आणि हात वर झाले. अप्पांच्या शब्दाला गावात वजन आहे. ते घाडी, म्हणजे रवळनाथापुढे गावाचं गाऱ्हाणं घालणारे. गावाचं म्हणणं त्यांनी देवाला मोठ्याने सांगायचं आणि दर वाक्याला मागे उभ्या असलेल्या गावाने ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, अशी रीत.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. गावपळण. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात, आणि देवाने होकार दिला की सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस शिवेबाहेर राहायला जातो. गावात चूल पेटत नाही, कोणी पाऊल टाकत नाही. ते दिवस गाव देवाचं. आजाऱ्यालासुद्धा खाटेसकट उचलून नेतात. वेळकुंड्याचे लोक जातात सड्यावर. माडाच्या झापांच्या राहुट्या बांधतात, भजनं होतात, भांडणं मिटतात, नवी होतात. लहानपणी मला त्याच्याइतकं काहीच आवडायचं नाही.

यंदा कौल झाल्याचं आईने कळवलं, तशी मी दुसऱ्या दिवशी आमचे संचालन प्रमुख देवस्थळी यांच्याकडे गेले. माणूस वरून फार गोड, कधी आवाज चढवणार नाही. मी सांगितलं की अमुक दिवस सड्याची पडजागा बंद करा, नाहीतर वाटच बंद ठेवा. ते म्हणाले की त्याला महिनाभर आधी कळवावं लागतं. कौल कालच झालाय, म्हटलं. तर हसून म्हणाले की मग पुढच्या वेळी देवालाच जरा लवकर कळवायला सांग. वर नाताळ तोंडावर आहे, हॉटेलांची मागणी दुप्पट आहे, हेही ऐकवलं.

“सर, पाचशे माणसं असतील तिथे.”

“यंत्र थेट मोजतं, समिधा. माणसं गेली तर दिसतीलच.”

“सड्यावर रेंज नाही.”

“मग गाव रिकामं दिसेल. यंत्र काय ते बघून घेईल. तू भावनेच्या भरात बोलतेयस.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भावना! पाचशे हा आकडा आहे, भावना नव्हे. पण नोकरी नवी, घरावर नवं छप्पर माझ्याच पगारातून चढलेलं. मी मूग गिळून बाहेर आले आणि एवढंच केलं, की त्या तिन्ही दिवसांची वेळकुंड्याच्या वाटेची पाळी स्वतःकडे मागून घेतली. आईला सांगितलं की येत नाही. ती म्हणाली, “देवाच्या दिसांत पण तुका तुझा यंत्रच होया?” आणि फोन ठेवला. कारण सांगितलं असतं तर तीच घाबरली असती, म्हणून सांगितलं नाही.

गावपळणीच्या दुसऱ्या सकाळी मी पाळीवर बसले. पहिल्या दिवशी उधाणामुळे जेटी बंद होती, उड्डाणं नव्हती. नकाशा उघडला. गाव रिकामं नव्हतं. वेळकुंडं ठिपक्यांनी गच्च भरलेलं होतं. घराघरांत माणसं. आमच्या घरात तीन. आणि वर सडा कोरा.

क्षणभर मलाच वाटलं की गावपळण मोडली की काय. मी आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. अप्पांना लावला. वाजत राहिली. शेजारच्या घाडीकाकूंना, गुरवांना, सगळ्यांचे फोन नुसते वाजत होते. मग कौल कळवताना आई बोलली होती ते आठवलं. यंदा गावाने ठरवलं होतं की देवाच्या दिवसांत फोन बरोबर न्यायचे नाहीत. तसंही वर रेंज नाही आणि पोरं नुसती त्यातच डोकं घालून बसतात. पण बंद करून कोण ठेवणार? मुंबईच्या मुलाने फोन केला आणि तो बंद लागला तर तो तिकडे घाबरून जाईल. नुसता वाजला तर समजेल, आई परसात असेल. म्हणून घरोघरी लोकांनी फोन चार्जिंगला लावून, चालू ठेवून, दारं ओढून घेतली होती. आमच्या गावाचं काळीज ते. मुंबईला घोर नको.

मी धावत देवस्थळींकडे गेले. सर, ते फोन आहेत, माणसं नाहीत. त्यांनी नकाशा बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले की बघ, सगळे घरीच आहेत, तुझी गावपळण रद्द झालेली दिसतेय. मी म्हटलं की फोन करून बघा, एकही जण उचलत नाही. ते म्हणाले की गावाकडे लोक कामात असतात. 

जागेवर येऊन बसते तोच पडद्यावर पाच नंबरचा ड्रोन लाल झाला. गावाच्या बरोबर वर. एका बाजूच्या दोन मोटरी एकामागोमाग बंद पडल्या होत्या. खारी हवा बेअरिंग खाते, हे जेटीवरचे मेकॅनिक केव्हापासून बोंबलत होते. यंत्राने आपली पडजागा जाहीर केली: सडा, माणसं शून्य. आणि ते आज्ञाधारकपणे तिकडे वळलं. गावातल्या रिकाम्या घरांना कटाक्षाने वाचवत दोन म्हशींच्या वजनाचं ते धूड, बॅटऱ्या आणि कोळंबीच्या पेट्यांसह, माझ्या आईच्या चुलीकडे निघालं होतं.

वैमानिकाला ताबा घेता येतो. तेवढी सोय ठेवलेली आहे, पण ती कशी, ते ऐका. तुम्ही हात लावला नाही आणि काही झालं, तर तो अपघात. हात लावला आणि काही झालं, तर तो तुमचा गुन्हा. त्यामुळे आमच्या खोलीत कोणी कधी हात लावत नसे.

मी ताबा घेतला. उरलेल्या मोटरींवर ते यंत्र फार लांब जाणार नव्हतं. सडा आणि गाव यांच्या मधे काजूचा उतार आहे, पण गावपळणीत तिथे गुरं बांधतात आणि बायका फाट्यांना, म्हणजे सरपणाला, जातात. त्याच्या खाली गाव सुरू होतं आणि पहिलं घर आमचं. पडद्यावर त्या घरात तीन ठिपके लुकलुकत होते. आईचा, अप्पांचा आणि अप्पांच्या जुन्या बटणांच्या फोनचा. हे मला माहीत होतं. तरी मनात आलं, खोटं कशाला सांगू? आई माझ्यावर चिडून घरीच बसली असली तर? मग स्वतःलाच सांगितलं की कौल झाल्यावर वेळकुंड्यात माणूस राहत नाही. ठिपक्यांपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास होता. कोणाचं तरी घर मोडणारच होतं, ते आमचंच मोडू दे, असं म्हणून मी ड्रोन आमच्या छपरावर घातला.

तिन्ही ठिपके एकदम विझले. 

पुढचं मला आईने नंतर सांगितलं. सड्याच्या कडेवरून सगळ्यांनी बघितलं. आधी आवाज, मग धूर, मग कौलांतून वर आलेली आग. खळ्यातली गवताची उडवी पेटली. तरणी पोरं घागरी घेऊन धावली, पण शिवेवर अप्पा हात पसरून उभे राहिले. गाव देवाचं होतं म्हणून, की त्या बॅटऱ्या फुटत होत्या म्हणून, ते त्यांनाच माहीत. “जाव नका कोणी,” ते म्हणाले, “घर माझा आसा. जळांदे.” आणि घर जळून खाली बसेपर्यंत तिथून हलले नाहीत. वारा नव्हता म्हणून दुसऱ्या घराला झळ लागली नाही. माणूस एकही दुखावला नाही, कोंबडीसुद्धा नाही.

इथवर जे झालं त्याला मी नशीब म्हणेन. यानंतरच्या गोष्टीने मात्र माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तीन फोन एका क्षणी बंद पडले म्हणून यंत्राने तीन मृत्यूंची नोंद केली आणि घराच्या पत्त्यावरून जवळचा नातेवाईक शोधून त्याला आपोआप निरोप धाडला. माझा भाऊ संदेश डोंबिवलीत असतो. त्याला कामावर असताना मजकूर आला की आपल्या कुटुंबातील तीन सदस्यांच्या आकस्मिक निधनाबद्दल झेपवाट परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे. खाली कोळंबीचं चित्र. ज्याला घोर लागू नये म्हणून आईने फोन चालू ठेवला होता, तो पोरगा त्यामुळेच छाती बडवत गावी पोचला. शिवेवर आई दिसली तेव्हा तो तिच्या पायांत कोसळला. तिसरं कोण मेलं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

आईवडील जिवंत आहेत हे कंपनीला मी स्वतः सांगितलं. देवस्थळींनी आनंद व्यक्त केला. मग म्हणाले की तरीही त्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार तू शून्य माणसांची जागा सोडून तीन माणसांच्या घरावर ड्रोन पाडलास. ते वाचले हा योगायोग. सगळं खापर माझ्यावर. बेअरिंगबद्दल अवाक्षर नाही, काढलेल्या कॅमेऱ्याबद्दल नाही, माझ्या आधीच्या सांगण्याबद्दल तर कानांवर हात. कंपनीने माझा परवाना कायमचा रद्द करायची आणि माझ्यावर खटला भरायची मागणी केली.

मी गावी गेले तेव्हा अप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जळक्या चौथऱ्यावर पाठमोरे बसून राहायचे. मला वाटलं, देवाच्या दिवसांत गावात यंत्र पाडलं म्हणून ते रागावलेत. चौकशीच्या आदल्या दिवशी आईने मला परसात बोलावलं आणि सांगितलं की तसं नाही गो, सभेत त्यांनी गावाला शब्द दिला होता, आता गावाला तोंड कसं दाखवू म्हणतात. आणि हेही सांगितलं, की चौकशीला सगळा गाव येणार आहे आणि अप्पांनी सगळ्यांना फोन घरी ठेवायला लावलेत. मला तो त्यांचा हट्टीपणा वाटला.

चौकशी कुडाळला एका सभागृहात झाली. अध्यक्ष होत्या बावडेकर म्हणून निवृत्त न्यायाधीश, शांत बाई, मधेच चष्मा पुसायच्या. गावातल्या कोणालाही साक्षीला बोलावलेलं नव्हतं. अप्पांना तेवढं जळलेल्या घराचे मालक म्हणून आत घेतलं. बाकीचे खाली आवारात उभे.

देवस्थळींनी भिंतीवर मोठा पडदा लावला होता. यंत्र माणसं किती अचूक मोजतं, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवलं. सभागृहाचा नकाशा उघडला आणि म्हणाले, “हे बघा, मॅडम, हे आपण.” खरंच, अप्पा सोडून आमच्यातल्या प्रत्येकाचा ठिपका लुकलुकत होता. बाईंचा, वकिलांचा, माझा. बाईंनी कौतुकाने मान हलवली. मग तोच नकाशा सरकवून त्यांनी त्या सकाळचा सडा दाखवला. कोरा. आणि मग तीन ठिपक्यांचं आमचं घर.

“प्रश्न साधा आहे,” देवस्थळी म्हणाले. “या वैमानिकाने माणसं नसलेली जागा सोडून माणसं असलेली जागा निवडली.”

मी उठून बोलायला लागले, पण माझा राग माझ्याच शब्दांच्या आड येत होता. बाईंनी मला बसायला सांगितलं. मग औपचारिकता म्हणून त्यांनी अप्पांना विचारलं की घरमालकांना नुकसानीबद्दल काही सांगायचंय का.

अप्पा उठले. नुकसानीबद्दल ते काही बोलले नाहीत. उघड्या खिडकीकडे तोंड केलं, हात जोडले, आणि देवळात लावतात तो आवाज लावला.

“बा देवा रवळनाथा. आज आमी ह्यांच्या दारात उभे आसंव, आनी हंयसर आमका कोणी माणसात धरणा नाय, रे महाराजा.”

खालून आवाज आला. “व्हय महाराजा.”

खिडकीची तावदानं हलली. वकिलांच्या हातातलं पेन थांबलं.

“आमी सड्यार होतंव. ह्यांच्या यंत्राक आमची गुरां दिसाक नाय, पोरां दिसाक नाय, रे महाराजा.”

“व्हय महाराजा.”

“ज्या चेडवान आमका बघल्यान, तेकाच हे गुन्हेगार म्हणतत, रे महाराजा.”

“व्हय महाराजा.”

अप्पांचा आवाज तिथे फुटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या सकाळनंतर पहिल्यांदा, आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

“त्या दिवशी जे कोण सड्यार होते आनी आज जिते आसत, तेंचो आवाज ह्या सायबांच्या कानार घाल, रे महाराजा.”

यावेळी उत्तर येऊन थांबेना. बायांचे, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळून वर येत राहिले. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बावडेकरबाईंनी देवस्थळींना विचारलं, “खाली किती लोक आहेत?”

देवस्थळी सवयीने पडद्याकडे वळले आणि नकाशा आवारावर नेला. फाटकापाशी दोन ठिपके होते, बहुधा पोलीस, आणि एक चहाच्या टपरीवर. बाकी आवार कोरं होतं.  खालून आवाज येतच होता.

बाईंनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, खुर्ची मागे सारली आणि खिडकीपाशी गेल्या. या सबंध प्रकरणात स्वतःच्या डोळ्यांनी खाली बघणारं ते पहिलं माणूस होतं.